उंबरठ्याच्या आतील बिनतारी विद्या

(ज्ञातिसंस्थेच्या हिंगोली येथील वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी मला जो विषय नेमून दिला आहे तो काहींना या व्यासपीठास विसंगत वाटण्याचा संभव आहे. निवृत्त शिक्षकाने संतचरित्रावर बोलावे किंवा मुलांच्या अभ्यासावर बोलावे, अशी आपली रूढी आहे. मला मात्र आज लहान दुकानात वापरावयाच्या बिनतारी साधनांविषयी, विशेषतः ज्यांचा पल्ला दहा-पाच पावलांपलीकडे जात नाही अशा साधनांविषयी बोलावयाचे आहे. आपल्यातील अनेक कुटुंबांची चूल शिलाईच्या आणि कापडाच्या दुकानावर पेटते. त्या दुकानात ही साधने येऊन पोहोचली आहेत. त्यांना आत घ्यावे की नाही, आणि घ्यावयाचे तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न घराघरांत वडील आणि मुलगा यांच्या वादाचा विषय झाला आहे. तेव्हा त्याचा विचार दहा जणांत बसून झालेला बरा.

शिवाय आपण ज्या भूमीत जमलो आहोत तिचे स्मरण केले तर हा विषय फारसा परका वाटू नये. येथून जवळच असलेले नर्सी हे श्री नामदेव महाराजांचे जन्मस्थान, आणि औंढा नागनाथ हे त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश लाभल्याचे स्थान, असे परंपरा सांगते. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात महाराजांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि त्यांत गज, कातर, सुई व दोरा यांची रूपके आहेत. म्हणजे आपल्या संताने परमार्थ सांगताना दुकानातील हत्यारे खाली ठेवली नाहीत. मग आपण संसार सांगताना ती का खाली ठेवावी?

नव्या यंत्राची भीती आपल्या व्यवसायास नवीन नाही. बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट मिळविले आणि पॅरिस शहरात सुमारे ऐंशी यंत्रे बसवून सैन्याचे गणवेश शिवण्यास आरंभ केला. दुसऱ्याच वर्षी तेथील शिंप्यांनी चालून जाऊन ती यंत्रे मोडून टाकली. त्यांना आपण सर्वस्वी मूर्ख म्हणू नये. ती यंत्रे त्यांच्या मालकीची नव्हती. दुसऱ्याच्या कारखान्यात बसून ती त्यांच्या हातातील काम ओढून घेणार होती. पुढे अमेरिकेत सिंगर कंपनीने १८५६ पासून हप्त्याने यंत्र विकण्याची पद्धत सुरू केली, आणि तेच यंत्र शिंप्याच्या स्वतःच्या घरात आले. शत्रू म्हणून जे मोडले गेले तेच पुढे अन्नदाते ठरले. यंत्र तेच होते. मालकी बदलली होती. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण माझ्या आजच्या सांगण्याचे सार तिच्यातच आहे.

आता बिनतारी विद्येकडे वळू. ही विद्या केवळ पश्चिमेची आहे असे समजण्याचे कारण नाही. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींच्या पलीकडे, मध्ये कोणतीही तार नसताना, घंटा वाजवून आणि बारूद पेटवून दाखविली होती. पुढे या लहरींनी दूरदूरचा प्रवास केला. आकाशवाणी घराघरांत आली. त्या काळी रेडिओ ऐकण्यासदेखील पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. आपल्यातील वयस्क मंडळींना ते पुस्तक आठवत असेल.

दूर जाणाऱ्या लहरींचे कौतुक जगाने पुष्कळ केले. परंतु लहान धंद्यास उपयोगी पडली ती मुद्दाम आखूड ठेवलेली लहर. १९९४ च्या सुमारास स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत यंत्रायंत्रांमधील तारा काढून टाकण्याचा उद्योग सुरू झाला, आणि १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आय.बी.एम. व तोशिबा अशा पाच कंपन्यांनी एकत्र येऊन 'ब्लूटूथ' या नावाने त्याचे नियम ठरविण्यास प्रारंभ केला. ब्लूटूथ म्हणजे निळा दात. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचे ते टोपणनाव होते. त्याने विखुरलेल्या लोकांस एकत्र आणले, त्याप्रमाणे या विद्येने निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलती करावीत, हा नाव ठेवण्यातील हेतू.

हिची शक्ती अगदी अल्प असते. आपल्या भ्रमणध्वनीतील आणि लहान छपाईयंत्रातील ब्लूटूथचा पल्ला सामान्यतः दहा मीटर, म्हणजे साधारण तेहतीस फूट धरावा. दुकान, माडी आणि मागचे अंगण एवढ्यात तिचे राज्य संपते. या लहरी ज्या पट्ट्यात चालतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अल्पशक्तीची साधने वापरण्यास २००५ पासून आपल्या देशात परवाना लागत नाही. एकाच पट्ट्यात पुष्कळ यंत्रे बोलू लागली तर गोंधळ होईल, म्हणून नेहमीचे ब्लूटूथ ७९ मार्गिकांमध्ये सेकंदास १६०० वेळा उड्या मारीत बोलते. ज्या दोघांची जोडणी झाली आहे त्यांनाच त्या उड्यांचा क्रम ठाऊक असतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण दुकानात सर्वच बिनतारी वस्तूंना एका माळेत ओवण्याची चूक होते. गल्ल्याजवळ 'इतके रुपये प्राप्त झाले' असे बोलणारी जी डबी असते, ती बहुधा आत बसविलेल्या सिमकार्डाच्या आधारे, मोबाइलच्या मनोऱ्यामार्फत दूरच्या संगणकाशी बोलते. तिचा पल्ला देशभर आहे, आणि म्हणूनच तिचे दरमहा भाडे बहुधा द्यावे लागते. मनोरा बंद पडला की ती मुकी होते. दुसरा प्रकार ब्लूटूथचा; तो दुकानापुरता. तिसरा प्रकार स्पर्शाच्या अंतराचा. बँकेचे कार्ड यंत्रास नुसते टेकविले की पैसे वळते होतात, त्यास एन.एफ.सी. म्हणतात, त्याचा पल्ला चारच सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांची रुंदी. १ जानेवारी २०२१ पासून अशा कार्डाने ५००० रुपयांपर्यंतचा व्यवहार गुप्त क्रमांकाशिवाय होऊ शकतो. अर्थात तो पैसा पुढे बँकेपर्यंत जाण्यास दूरचे जाळे लागतेच. कोणते साधन कोठवर बोलते हे ज्यास कळले, त्यास ते बंद का पडले हेही पुष्कळदा कळते.

आता प्रत्यक्ष दुकानात येऊ. लग्नसराईचे दिवस आहेत. शिलाईच्या दुकानात शे-दीडशे कपडे पडले आहेत. त्यांत एकाच रंगाचे दहा-बारा. प्रत्येकास चिठ्ठी टाचलेली आहे, पण ती हाताने लिहिलेली, इस्त्रीच्या वाफेने शाई पसरलेली. एका घरची पोलकी दुसऱ्या घरच्या पिशवीत गेली की शिलाई बुडते आणि गिऱ्हाईकही तुटते. अशा दुकानी तळहाताएवढे छपाईयंत्र असले आणि भ्रमणध्वनीत नाव, क्रमांक व देण्याची तारीख लिहून दोन सारख्या चिठ्ठ्या निघाल्या, एक कापडास आणि एक गिऱ्हाइकास, तर केवढा घोटाळा टळतो! या यंत्रास शाई लागत नाही. कागदावर उष्णतेने काळा होणारा लेप असतो आणि यंत्रातील बारीक तापणारे ठिपके त्यावर अक्षर उमटवितात. दोन इंची कागदाचे साधे यंत्र दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळते. त्यास बॅटरी असते, तेव्हा वीज गेली तरी काम अडत नाही. आणि भ्रमणध्वनीतील हिशेब जर त्यातच साठविलेला असेल तर इंटरनेट गेले तरीही अडत नाही. पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यातील गावी दुकान चालविणाऱ्यास याचे मोल सांगावयास नको.

मात्र उष्णतेने उमटलेले अक्षर उष्णतेनेच मरते. अशी पावती उन्हात किंवा गल्ल्यातील प्लास्टिकच्या पिशवीत राहिली की काही महिन्यांत कोरी होते. ज्यांची जी.एस.टी.ची नोंदणी आहे त्यांना हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणून अशा पावतीवर विसंबून वही बंद करू नये. चिठ्ठीसाठी यंत्र आणि टिपणासाठी वही, ही जोडी उत्तम. आणि त्याच चिठ्ठीवर इस्त्री फिरवू नये, ती क्षणात काळी होईल, हे कारागिरास आधीच सांगून ठेवावे.

आपल्यातील काहीजण किराणा किंवा रास्त भावाचे दुकान चालवितात. रेशनच्या दुकानातील वजनकाटा पॉस यंत्राशी जोडला जावा, म्हणून केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती करून राज्यांस उत्तेजन दिले. काट्यावर जेवढे धान्य पडेल तेवढेच यंत्रात उमटावे, हा त्यामागील उद्देश. ही जोडणी तारेने होते तशीच ब्लूटूथनेही होते. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाची मुद्रा असते. बिनतारी तुकडा बसविण्याच्या निमित्ताने कोणी काटा उघडून ती मुद्रा तोडू पाहील, तर त्यास दुकानाबाहेरचा रस्ता दाखवावा. मुद्रा तुटलेला काटा धंद्यात वापरणे हा कायद्याने अपराध आहे. आणि मापात संशय आला की गिऱ्हाईक कायद्याची वाट पाहत नाही.

येथवर मी सोयीचे बोललो. आता ज्या गोष्टीसाठी मी आपला वेळ घेतला तिच्याकडे येतो.

शिंप्याच्या दुकानात कापडापेक्षाही मौल्यवान अशी एक वस्तू असते. ती म्हणजे मापवही. तीत गावातील लेकीसुनांची नावे असतात, त्यांची मापे असतात, अलीकडे त्यांचे दूरध्वनी क्रमांकही असतात. कोणाच्या घरी लग्न ठरले, कोणाची सून माहेरी आली, कोणाचे अंग आजाराने उतरले, हे मापवही आधी सांगते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाडवडिलांनी ती वही गल्ल्याखाली ठेवली आणि तिच्यातील अक्षर पारावर कधी नेले नाही. परघरची स्त्री शिंप्यासमोर निःशंक उभी राहून माप देते, ती या मौनाच्या भरवशावर. हा भरवसा म्हणजेच आपले भांडवल. त्यावर कोणतीही बँक कर्ज देत नसली तरी सारा धंदा त्याच्यावर चालतो.

छपाईयंत्र बाजारातून आणले की त्याबरोबर भ्रमणध्वनीत एक ॲप घ्यावे लागते, आणि तेथे उंबरठ्याचा प्रश्न उभा राहतो. यंत्राची लहर तेहतीस फुटांत थांबते. परंतु ते ॲप आपली मापवही कोठवर नेते? काही ॲपे सर्व नोंदी त्याच भ्रमणध्वनीत ठेवतात. काही त्या दूरच्या संगणकावर चढवितात. काही तर पावती छापण्यासारख्या साध्या कामासाठी आपल्या साऱ्या ओळखीच्या माणसांची यादी आणि छायाचित्रे पाहण्याची अनुमती मागतात. मुलगा घाईने 'होय' दाबतो, आणि जी वही आजोबांनी शेजाऱ्यास दाखविली नाही ती परमुलखी जाऊन बसते. ब्लूटूथ चालू करण्यासाठी काही भ्रमणध्वनी स्थानाची अनुमती मागतात, तेवढी समजण्यासारखी आहे. पण चिठ्ठी छापणाऱ्यास आपल्या नातेवाइकांची नावे कशाला हवीत, हा प्रश्न विचारण्यास इंग्रजी येण्याची गरज नाही.

सरकारनेही या गोष्टीची दखल घेतली आहे. संसदेने २०२३ मध्ये व्यक्तींच्या अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध होऊन टप्प्याटप्प्याने लागू होण्याची व्यवस्था झाली. ज्याची माहिती त्याची अनुमती, आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापर, हे त्याचे सूत्र. आपल्या वाडवडिलांना हे सूत्र कायद्यावाचून पाठ होते. नवी साधने घेताना आपण ते विसरलो नाही म्हणजे पुष्कळ झाले.

यावर काय करावे? माझ्या मते सहा गोष्टी पुरे आहेत.

पहिली गोष्ट : मापे आणि पावती वेगळी ठेवावी. छपाईच्या ॲपमध्ये क्रमांक, कपड्याचा प्रकार, तारीख व रक्कम एवढेच लिहावे. माप वहीतच राहू द्यावे. चिठ्ठीवर स्त्रियांचे पूर्ण नाव न छापता क्रमांक छापावा.

दुसरी गोष्ट : जोडणीचा अंक बदलता येत असेल तर बदलावा. अनेक यंत्रे कारखान्यातून ०००० किंवा १२३४ असा अंक घेऊन येतात. सर्व गावाच्या कुलपांना एकच किल्ली असावी, तसे ते आहे. शक्य असल्यास यंत्रास वेगळे नाव द्यावे. नाहीतर बाजूच्या दुकानातील पावती आपल्या यंत्रातून निघावयाची.

तिसरी गोष्ट : काम नसेल तेव्हा ब्लूटूथ बंद ठेवावे. २०१७ मध्ये जगभरच्या अनेक भ्रमणध्वनींत व संगणकांत असा दोष आढळला होता की, ब्लूटूथ नुसते चालू असले तरी जवळ उभा असलेला परका मनुष्य आत शिरू शके. कंपन्यांनी त्यावर दुरुस्त्या काढल्या. पण ज्यांनी आपला भ्रमणध्वनी अद्ययावत केला नाही त्यांना त्यांचा लाभ मिळाला नाही. रात्री दुकान बंद करताना फळ्या लावतो, त्याबरोबर हीही फळी लावावी.

चौथी गोष्ट : जागा विचारपूर्वक निवडावी. पत्र्याचे कपाट, पाण्याची टाकी आणि माणसांची गर्दी या लहरींना अडवितात. आपल्या शरीरात पाणीच अधिक, म्हणून गर्दीच्या दिवशी यंत्र 'हरवते'. ते लोखंडी कपाटात न ठेवता उघड्या फळीवर ठेवले तर पुष्कळ तक्रारी मिटतात.

पाचवी गोष्ट : जुना भ्रमणध्वनी विकताना किंवा कारागीर काम सोडून जाताना जुनी जोडणी काढून टाकावी आणि भ्रमणध्वनीतील नोंदी पुसाव्यात.

सहावी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट : यंत्राची किल्ली घरातील किमान दोघांना ठाऊक असावी, आणि त्यांपैकी एक घरातील स्त्री असावी. आज पुष्कळ दुकानांत असे दिसते की यंत्र वडिलांच्या पैशाने आले, ते चालविणे फक्त मुलास येते, आणि मागच्या खोलीत बसून काज-बटण करणाऱ्या माउलीस त्याचे नावही ठाऊक नसते. मुलगा पुण्यास नोकरीला गेला की यंत्र धूळ खात पडते. वास्तविक तेहतीस फुटांच्या आत असलेली ही विद्या त्या माउलीच्या हाताशी सर्वांत जवळ आहे. ती मागच्या खोलीत मशिनीवर बसून भ्रमणध्वनीत नोंद करील आणि पुढल्या गल्ल्यावर चिठ्ठी निघेल. तिचा हिशेबातील वाटा त्यायोगे दिसू लागेल. आजवर तो असूनही कोणास दिसत नव्हता.

तरुण बंधूंना माझी एक विनंती आहे. वडील नव्या यंत्रास नाही म्हणतात तेव्हा ते नेहमीच अज्ञानाने म्हणत नाहीत. पॅरिसच्या शिंप्यांप्रमाणे त्यांनाही भय असते की दुकानाची सूत्रे आपल्या हातातून जातील. त्यांच्या शंकेस हसू नका. तिचे उत्तर द्या. आणि वडीलधाऱ्यांस माझे सांगणे असे की, तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानांशी आपली जी स्पर्धा चालली आहे तीत आपण भावाने जिंकणार नाही. अंगाबरोबर बसणारे काम, दिलेल्या तारखेस कपडा आणि चोख हिशेब, एवढ्याच बळावर गिऱ्हाईक आपल्या पायरीवर टिकेल. तारीख आणि हिशेब या दोहोंत ही लहान यंत्रे खरी मदत करतात. ती नाकारण्यात पुरुषार्थ नाही.

शेवटी संस्थेस एक सूचना करून मी आपली रजा घेतो. संस्थेच्या निधीतून असे एक छपाईयंत्र घेऊन ते कार्यालयात ठेवावे आणि ज्या सभासदास हवे त्यास आठ दिवस वापरण्यास द्यावे. वापरून पाहिल्यावर ज्यास उपयोग वाटेल त्याने स्वतःचे घ्यावे. ज्यास वाटणार नाही त्याचे पैसे वाचतील. आणि पुढील मेळाव्यात अर्धा दिवस भगिनींच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा. शिकविण्याचे काम ज्ञातीतील महाविद्यालयीन मुलामुलींनी करावे. हा खर्च एका सत्कार समारंभातील हारतुऱ्यांपेक्षा अधिक होणार नाही, आणि तो अनेक घरांच्या उपयोगी पडेल.



जय नामदेव.